मामाचा गप्प स्पीकर

भाड्याने स्पीकर लावणारे लोक आपला आवाज किती लांब जातो याच्या बढाया मारतात. खुटबावचा माझा मामा आपला सेट किती गप्प बसतो याची बढाई मारायचा. मांडवात बांबूला भोंगे बांधून झाले, की कॅसेट न लावताच तो अॅम्प्लिफायरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवायचा आणि जवळ जो कुणी उभा असेल त्याचा दंड धरून म्हणायचा, "ऐक."

तो बिचारा कान टवकारायचा, भोंग्याकडे बघायचा, मामाकडे बघायचा. "काय बी येत न्हाई की."

"तेच तर!" मामा म्हणायचा, आणि त्याची छाती अशी फुगायची की शर्टाचं वरचं बटण धोक्यात यायचं.

लहानपणी मला हा खुळेपणा वाटायचा. पुढे दुसऱ्यांचे सेट ऐकले तेव्हा कळलं. नुसते चालू केले की त्यांचं घूं सुरू व्हायचं, आणि मग वधूच्या बापाचं स्वागताचं भाषण मधमाश्यांच्या पोळ्यातून आल्यासारखं यायचं. मामाचा सेट ट्रकच्या बॅटरीवर चालायचा आणि त्याचा सांधा न् सांधा मामाने स्वतः कथलाचा डाग देऊन जोडलेला होता. सेटला हात लावताना पायात रबरी स्लीपर हवीच, हा त्याचा नियम. उमेदवारीत एकदा त्याला सणसणीत शॉक बसला होता. तेव्हापासून तो देवळात एक वेळ चप्पल घालून गेला असता, पण सेटपाशी अनवाणी आला नसता.

तर लोडशेडिंगच्या त्या वर्षांत या गप्प सेटवर संकट आलं. कॅसेटी मिळेनाशा झाल्या आणि शिरूरकडून रंगीत दिव्यांचे डीजे यायला लागले. मामाला बहुतेक काम मिळायचं ते वडगाव रासाईच्या मांडववाल्या आप्पांकडून. भीमेच्या अलीकडे-पलीकडे जिथे आप्पांचा मांडव, तिथे मामाचा भोंगा, अशी वर्षानुवर्षांची रीत. त्या साली आप्पांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि आप्पांनी मामाला बोलावून स्वच्छ सांगितलं, "पोरं म्हणत्यात डीजे लावा. मी म्हणलं, घरच्या लग्नाला आपला माणूस. पर आता लॅपटॉप पायजे बरं का. ह्या लग्नात जमवा, म्हंजी पुढच्या सीझनच्या सगळ्या सुपाऱ्या तुमच्याच. न्हाई जमलं तर मग माझा बी इलाज न्हाई."

मामा तिथून थेट सणसवाडीला आला, माझ्या खोलीवर. मी तेव्हा तिथल्या एका कंपनीच्या ऑफिसात होते आणि साहेबांनी नवा घेतल्यावर त्यांचा जुना लॅपटॉप मी विकत घेतला होता. साऱ्या नात्यागोत्यात लॅपटॉप तेवढा एकच. मामाने तो चहूबाजूंनी बैल पारखावा तसा पारखला, आणि म्हणाला, "आता तू आन् ह्यो. न्हाई जमलं तर तुझ्या कंपनीच्या गेटवर मला वॉचमन म्हणून लावून दे. शिट्टी आपली मी मारीत बसतो."

तो हसत म्हणाला. मला मात्र मामाच्या हातात शिट्टी दिसली. ज्या माणसाने तालुकाभर आवाज पोचवला त्याने गेटवर ट्रकचे नंबर लिहीत बसायचं? मी म्हटलं, "जमतंय मामा. त्यात काय एवढं." कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. मी कॉमर्सची.

लॅपटॉपचीही लक्षणं काही धड नव्हती. त्याची बॅटरी इतकी गेलेली, की चार्जर काढला की राम म्हणायच्या आत पडदा काळा. आणि चार्जर म्हणजे पुण्यात मिळालेला डुप्लिकेट. बटण दाबलं की तो स्वतःच किर्र किर्र करायचा. माझी बिहारची रूम पार्टनर पहिल्या दिवशी खाटेखाली वाकून रातकिडा शोधत होती, "दीदी, इधर झींगुर घुसा है क्या?" चार्जरला कान लावून दाखवला तेव्हा ती जी हसत सुटली ती पोळ्या करपेपर्यंत.

त्यात आप्पांच्या बहिणीने भर घातली. म्हणजे नवरीची आत्या. घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टका म्हणायच्या त्या आत्यानेच, असा तिथला शिरस्ता. ही आत्या दौंडला राहायची आणि लग्नाच्या तोंडावर मुलाच्या स्कूटरवरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसली होती. लग्नाला येता येत नव्हतं, पण हक्क सोडायचाही नव्हता. तिने निरोप धाडला, "त्या लॅपटॉपवालीला माझ्याकडं लावून द्या. मी हितनं म्हणती."

मी दौंडला गेले. आत्या पाय उशांच्या राशीवर ठेवून, ठेवणीतलं लुगडं नेसून, नथ घालून बसली होती. आवाज तेवढा भरायचाय, दिसणार काही नाही, हे मी सांगून पाहिलं. "नथीबिगर गळा सुटत न्हाई," ती म्हणाली. घर स्टेशनच्या अंगाला. चांगली 'शुभमंगल'वर आली की गाडीचा भोंगा. मग पुन्हा पहिल्यापासून. चार्जरची किरकिर येऊ नये म्हणून मी तो लांब वायरीने बाहेर ओढून अंथरुणाच्या वळकटीत कोंबला होता. अखेर दोन गाड्यांच्या मधल्या फटीत तिने अष्टका अशा म्हटल्या की माझ्या अंगावर काटा आला. खणखणीत आणि तरी ओला आवाज. म्हणून झाल्यावर तिने माझं मनगट धरलं. "ह्याच्यात काय घुंघुं मिसळू दिऊ नगं हां. न्हाईतर माझ्या जावा म्हणतील, म्हातारीचा भाता फुटला."

आज कुणी म्हणेल, सीडी करायची होती. केली होती. मामाच्या प्लेयरने ती गिळली आणि परत दिली नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात खुटबावला मामाच्या अंगणात रंगीत तालीम झाली. लॅपटॉप चार्जरला, चार्जर घरच्या लाइटीला, लॅपटॉपची वायर सेटला. मामाने नेहमीसारखं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि माझा दंड धरला. "ऐक."

घूंऽऽऽऽ.

मामाचा चेहरा असा पडला की जणू त्याच्या लेकराने भर पंगतीत शिवी दिली. इतक्या वर्षांत त्या भोंग्यातून हा आवाज कधीच आला नव्हता. मग आमची जी धांदल उडाली ती अख्ख्या आळीने करमणूक म्हणून पाहिली. मामाने वायर बदलली. घूं. पिन घासली. घूं. मामीचा फ्रीज बंद केला, ट्यूब काढली, शेजारच्या घरात चाललेला मिक्सर मामाने दारातून ओरडून थांबवला. घूंच. चार्जर काढला की आवाज बंद, पण त्याबरोबर लॅपटॉपही बंद. म्हणजे चोर सापडला होता आणि त्याला हाकलता येत नव्हतं. मी ऑफिसातून दुसरा चार्जर मागून आणला होता. त्याची पिन बसेना. मामीने मिरच्या ओवाळल्या. मिरच्यांचा ठसका लागून सगळेच खोकायला लागले आणि घूं खोकल्याच्या वर ऐकू येत राहिलं.

मी वैतागून, चपला पायात तशाच ठेवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, नुकत्याच सारवलेल्या अंगणात फतकल मारली. सारवण अजून ओलं होतं. आणि आवाज थांबला.

सगळे थांबले. मामाने भोंग्याकडे पाहिलं. "गेली काय लाइट?"

लाइट होती. मी उठले. घूं. बसले. गप्प. पुन्हा उठले. घूं. लॅपटॉपचं अंग पत्र्याचं होतं आणि बसून हात ठेवला की बोटांना बारीक झिणझिण्या यायच्या, पण भोंगा गप्प. मामी हरखून म्हणाली, "अगं बया! तान्ह्या पोरावानी मांडीवर घेतलं की गप बसतंय!" मग मामाने हात लावून पाहिला. घूं. मामीने पायातली स्लीपर न काढता, उभ्या उभ्याच बोट टेकवून पाहिलं. घूं. शेजारचे आबा आले, त्यांनी चामडी वहाणांसकट लवून हात लावला. घूं. झालं, निकाल लागला. मामीने तो आळीला जाहीर करून टाकला, "पोरीच्या हाताला गुण हाय."

आता मला विचाराल तर मी कॉलेज शिकलेली, रोज कॉम्प्युटरवर काम करणारी. मला हे पटायला नको होतं. पण खरं सांगते, आपल्या हाताला गुण आहे असं सगळी आळी म्हणायला लागली की माणूस फार वाद घालत नाही. मी दोन्ही तळहात नीट न्याहाळून पाहिले. मामाने तर दृष्टच काढली. "तू नुसती लॅपटॉप धरून बस. बाकी मी बघतो," तो म्हणाला, आणि शिट्टीचं नाव पुन्हा काढलं नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही छोटा हत्ती टेम्पोत भोंगे, बॅटऱ्या आणि मधोमध लॅपटॉप मांडीवर घेतलेली मी, असे भीमेचा पूल ओलांडून वडगाव रासाईला पोचलो. मांडव आप्पांच्या घरच्या लग्नाचा, म्हणजे काही विचारू नका. झालरीवर झालर. धूळ बसावी म्हणून टँकरने जमिनीवर पाणी मारलेलं. लाइट जाणार हे गृहीतच होतं, म्हणून मागे जनरेटर. जनरेटरवाल्या चाचांनी मला दोन वायरींचा लोंबता बोर्ड दिला आणि म्हणाले, "बेटी, लाइटीची काळजी नको. आपला जनरेटर नवरदेवासारखा नखरे करत न्हाई."

आप्पांचं घर एके काळी मेंढरं घेऊन हिंडणारं. आता ऊस आहे, बंगला आहे, मांडवाचा धंदा आहे, पण घरात घोंगडीचा मान देवाइतकाच. पाहुणा आला की खुर्च्या कितीही असोत, मानाच्या माणसाला घोंगडी. आप्पांनी मला पाहिलं, 'ह्याच व्हय लॅपटॉपवाल्या ताई' म्हणाले आणि हाक मारली. काळीभोर, जाड, नवी घोंगडी आली. दुहेरी घडी घालून सेटशेजारी अंथरली गेली. समोर चौरंग, चौरंगावर लॅपटॉप, लॅपटॉपला हळदीकुंकू. पडद्यावर नको, झाकणावर लावा, एवढंच मी म्हणू शकले. घोंगडीवर मी अशी ऐटीत बसले, जशी काही नवरी मीच.

मामाने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी गुणाचे दोन्ही हात लॅपटॉपवर ठेवले. मामाने बटण फिरवलं.

घूंऽऽऽऽऽऽ.

सगळ्या भोंग्यांतून एकदम. झाडावरचे कावळे उडाले. वऱ्हाड अजून वेशीवर होतं, पण घरची मंडळी वळून बघायला लागली. मामा माझ्याकडे बघायचा, मी माझ्या हातांकडे. उजवा ठेवला, डावा ठेवला, दोन्ही चोळून ठेवले. गुण गेला होता. मामाने गाणं लावून ते झाकायचा प्रयत्न केला. गाण्यात तसं फार कळत नव्हतं, पण दोन गाण्यांच्या मध्ये ते घूं असं उघडं पडायचं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आप्पा लांबून एकदा नुसते बघून गेले. त्यांच्या शेजारी त्यांचा पुतण्या उभा होता, डीजेच्या बाजूचा. तो हसला. मामाने ते हसणं पाहिलं, आणि रुमाल काढून कपाळ पुसलं. मला रडू आलं. तालुक्यातला सगळ्यात गप्प सेट माझ्या लॅपटॉपने बाटवला होता.

मी ओठ चावत, चार्जरची वायर नीट करायला म्हणून घोंगडीवरून पुढे सरकले. एक हात लॅपटॉपवर तसाच. अनवाणी पाऊल घोंगडीबाहेर ओल्या मातीत टेकलं. आणि भोंगा गप्प.

पाऊल आत घेतलं. घूं. बाहेर ठेवलं. गप्प. आत, बाहेर, आत, बाहेर. माझा पाय तालात हलायला लागला. मला खुटबावचं ओलं सारवण आठवलं, माझी चप्पल आणि मामाची स्लीपर आठवली, आबांच्या वहाणा आठवल्या, आणि डोक्यात लख्ख उजाडलं. हाताला गुण वगैरे काही नव्हता. सगळा गुण मातीचा होता! चार्जरमधून जे काही वाट चुकून लॅपटॉपच्या पत्र्यात येत होतं, ते माझ्या अंगातून जमिनीत उतरत होतं. कोरड्या लोकरीने ती वाट बंद केली होती. गुण गेल्याचं इतकं सुख कधी कुणाला झालं नसेल. मी घोंगडीवरून खाली उतरले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ओल्या मातीत जी मांडी ठोकली ती पक्की. भोंगा असा गप्प झाला की मागे तळले जाणारे पापड ऐकू आले. मामा वळला. मी अंगठा दाखवला.

आणि नेमकी इथेच खरी गंमत सुरू झाली.

आपल्याकडे लग्नाच्या मांडवात पाहुणा मानाच्या बैठकीवरून उठून मातीत बसला, तर त्याचा अर्थ एकच. पाहुणा रुसला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या क्षणी माझं डोकं विजेत होतं. आधी नवरीची चुलती धावत आली. "काय गं बाई, काय चुकलं? च्या आला न्हाई व्हय?" मी म्हणाले, काही नाही, मला इथेच बरं. 'इथेच बरं' हे तर रुसलेल्या माणसाचं ठरलेलं वाक्य. तिने दोन्ही खांदे धरून मला घोंगडीवर बसवलं. घूं. ती गेली की मी खाली. गप्प. मग नवरीची मोठी बहीण खण-नारळ घेऊन आली, ओटी भरली आणि वर बसवलं. घूं. मग दोन मामेबहिणी सरबत घेऊन. घूं. सरबत पिऊन खाली. गप्प. मी सगळ्यांना सांगत होते, अहो मी रुसले नाही, आणि जितकं सांगत होते तितकी मी जास्त रुसलेली ठरत होते. बायकांत कुजबुज पसरली, की लॅपटॉपवाल्या ताईंना साडी हलकी दिली म्हणून राग आलाय. मला साडी मिळालेलीच नव्हती. थोड्या वेळाने ती पण आली.

भोंग्याचं घूं आणि गप्प आता माझ्या मानपानावर चाललं होतं. मामा सेटमागे खाली वाकून हसू दाबत होता. थोड्या वेळापूर्वी रडायला आलेला माणूस, पण माझी ती उचल-ठेव पाहून त्याचे खांदे गदागदा हलत होते.

तेवढ्यात वऱ्हाड आलं, नवरदेव बोहल्यावर चढला, नवरी आली, अंतरपाट धरला गेला. अक्षता वाटल्या. आता आत्याच्या अष्टका. दौंडला आत्या प्लॅस्टर उशीवर ठेवून मोबाइल कानाला लावून बसली होती, कारण तिला आपला आवाज मांडवात कसा लागतो ते ऐकायचं होतं. तो मोबाइल आप्पांच्या हातात. आणि नेमके त्या घटकेला आप्पा, नवरीचे वडील, नवंकोरं धोतर नि फेटा घालून, माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. "माझ्या मांडवात आजवर कुणी मातीत बसलं न्हाई. काय कमी पडलं ते सांग. पर ऊठ."

सगळा मांडव बघत होता. मी म्हणाले, "आप्पा, मी रुसले न्हाई. मी अर्थिंग हाय!"

"काय हाईस?"

"अर्थिंग!" मामा सेटमागून ओरडला. "ती खाली बसली की मशीन गप बसतंय आप्पा, देवाशप्पथ!"

आप्पांना वाटलं, मामा भाचीची बाजू सांभाळून घेतोय. त्यांनी हात धरून मला उठवलं आणि घोंगडीवर उभं केलं. घूंऽऽ. मांडव दणाणला. मोबाइलमधून आत्या किंचाळली, "कुठली माशी घोंगावतीया गं बाई? माझ्या अष्टकात घालता का ती?" आप्पांनी मला सोडलं. मी खाली बसले. गप्प. आप्पांनी डोळे बारीक केले. पुन्हा उठवलं. घूं. बसवलं. गप्प. मी घोंगडीकडे बोट दाखवलं, मातीकडे दाखवलं, माझ्या पायाकडे दाखवलं. आप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते उमटत गेलं. भटजी तिकडून म्हणत होते, मुहूर्त टळतोय, मुहूर्त टळतोय.

आता त्या माणसाने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. पाहुणीला मातीत एकटी बसवायची नाही, हा त्यांचा धर्म. आणि पाहुणीला वर बसवलं तर बहिणीचा आवाज बुडणार. आप्पांनी पायातले जोडे काढले, धोतराचा सोगा सावरला आणि त्या ओल्या मातीत माझ्या शेजारी फतकल मारून बसले. नवंकोरं, पांढरंशुभ्र धोतर! बसल्याबसल्या भोंग्यातून टुर्रर-टिक-टिक-टुर्रर सुरू झालं.

"आप्पा, मोबाइल!" मामा ओरडला. मोबाइल सेटजवळ आला की तो हा असा भोंग्यात बोलायचा. आप्पांनी तो पुतण्याकडे दिला, "पळ, लांबच्या भोंग्याखाली उभा ऱ्हा, आन् आत्याला ऐकव!" डीजेच्या बाजूचा पुतण्या मोबाइल दोन्ही हातांनी धरून पळाला.

नवरीचा बाप मातीत बसला हे पाहून तिकडे वरपक्षात धावाधाव झाली. आजवर रुसायचं काम त्यांचं. मुलीकडचे रुसले असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. नवरदेवाचे वडील हात जोडत आले, "आमचं काय चुकलं?" आप्पा म्हणाले, "काय न्हाई पावणं. बसा खाली. अर्थिंग चाललंय." आणि ते बसले! ते बसले म्हणून त्यांचे भाऊ बसले, ते बसले म्हणून मागची मंडळी बसली. मी हसू दाबता दाबता गुदमरत होते. हात मात्र लॅपटॉपवरून हलवला नाही.

मग मामा आला. सेटच्या मागून बाहेर, माझ्यासमोर. त्याने रबरी स्लीपर काढल्या, एका बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी मातीत उभा राहिला. घाबरत घाबरत एक बोट लॅपटॉपच्या कडेला टेकवलं. झिणझिण्या आल्या असणार, कारण त्याने डोळे मिटले. बोट काढलं नाही. दुसऱ्या हाताने मागे वाकून बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि आप्पांना म्हणाला, "आप्पा, ऐका."

आप्पांनी कान दिला. मांडव गच्च भरलेला, अक्षता मुठीत धरलेल्या, आणि भोंगे चालू.

"काय बी येत न्हाई," आप्पा म्हणाले.

मामाने डोळे उघडले आणि मला मानेने खूण केली. मी बटण थोडं मागे घेऊन आत्याला सोडलं. आणि त्या स्वच्छ शांततेत दौंडचा तो खणखणीत, ओला आवाज असा उमटला, की अंतरपाट धरणारे दोघेही हात तसेच ठेवून वर बघायला लागले. नवरी रडायला लागली. मागच्या बाजूला जावा बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "म्हातारीचा गळा हाय बाबा अजून." लांबच्या भोंग्याखालून पुतण्या ओरडला, "आत्या म्हणतीया, माशी गेली!" मग सगळा मांडव हसला, आणि अक्षता पडल्या.

सगळ्या सुपाऱ्या मामालाच मिळाल्या. आप्पांनी पंगतीतच सुपारीचा नारळ त्याच्या हातात ठेवला, धोतरावरचा चिखल तसाच. मामीने मात्र घरी आल्यावर मामाला झापलं, "पोरीला काय दर लग्नात चिखलात बसवायची का? पहार ठोका एक जमिनीत, आन् वायर बांधा तिला." ठोकली. त्यानंतर प्रत्येक मांडवात मामा आधी ती पहार पुरायचा, तांब्याभर पाणी ओतायचा, मग भोंगे बांधायचा. हळूहळू स्लीपर घालायचंही त्याने सोडलं. शिट्टी त्याच्या हाती कधीच आली नाही.

पुढे माझं लग्न झालं. अर्थातच मांडव आप्पांचा, स्पीकर मामाचा. नवरीने मांडवात इकडे-तिकडे बघायचं नसतं, म्हणून मी खाली मान घालून अंतरपाटाआड उभी होते. एक अष्टका संपली, दुसरी सुरू व्हायची होती. तेवढ्या वेळात मामाने बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं मला कळलं, कारण पितळी बटणाची ती बारीक टक मी लहानपणापासून ओळखते. माझ्यासाठीच फिरवलं होतं त्याने. मी कान दिला. हजारभर माणसं, चालू भोंगे, आणि काही म्हणजे काहीही ऐकू येत नव्हतं.

मी अंतरपाटाआड फसकन हसले. भटजी रागावले, सासूबाई दचकल्या. मला मात्र मान खाली असूनही समोर दिसत होतं, की तिकडे सेटपाशी अनवाणी उभा असलेला माझा मामा कुणाचा तरी दंड धरून म्हणतोय, तेच तर.